बोल्टचा रूट चढताना: खालचे तीन बोल्ट आणि वरचा अँकर

कातळात आधीच बसवलेले बोल्ट, प्रत्येकात एक क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेले दोन कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) अडकवायचा, त्यात दोर घालायचा आणि वर सरकत राहायचं. स्पोर्ट क्लाइंबिंग इतक्या थोडक्यात सांगता येतं, आणि म्हणूनच नवखा आरोहक गाफील राहतो. बोल्ट भक्कम असतात हे खरं. युरोपीय मानक ईएन ९५९ प्रमाणे बोल्टने त्याच्या लांबीला आडव्या दिशेचा किमान २५ किलोन्यूटन जोर, म्हणजे सुमारे अडीच टन वजनाइतका ताण, सोसायला हवा. पण चांगल्या कातळातला चांगला बोल्ट उपटून अपघात झाला, असं क्वचितच घडतं. अपघात होतात ते पुरेसे बोल्ट हाताशी येण्याआधी, किंवा शेवटचा बोल्ट मागे पडल्यावर. म्हणून या लेखात मी खालच्या तीन बोल्टवर आणि वरच्या अँकरवर, म्हणजे रूटच्या टोकाला दोर अडकवायच्या दोन बोल्टवर, जास्त वेळ घालवणार आहे.

मध्यम रूट म्हणजे फ्रेंच श्रेणीत साधारण ५बी ते ६ए, अमेरिकन श्रेणीत ५.८ ते ५.१० ची सुरुवात. होल्ड (हात-पाय ठेवायच्या जागा) पुरेसे मोठे, भिंत उभी किंवा थोडी तिरपी, मधे विसावायला जागा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अवघड रूट बऱ्याचदा बाहेर झुकलेला असतो, त्यावरून निसटलात तर खाली मोकळी हवा असते. सोप्या रूटवर पायऱ्या असतात, कठडे असतात, पुढे आलेले दगड असतात. तिथे निसटलात तर दोर ताणला जाण्याआधी घोटा कठड्यावर आपटू शकतो. रूट सोपा असला म्हणून पडणं सोपं होत नाही, बऱ्याचदा ते जास्त वाईट असतं.

हे वाचून लगेच लीड करायला, म्हणजे दोर खालून स्वतः वर नेत आणि बोल्टमध्ये अडकवत चढायला, जाऊ नका. टॉप रोपवर (वर आधीच लावलेल्या दोरावर) भरपूर चढलेले असा, बिले करणं, म्हणजे खालून दोर सांभाळणं, हाताला बसलेलं असू द्या, आणि पहिले काही लीड अनुभवी माणसाच्या नजरेखाली करा. लेख वाचून क्रम समजतो, हाताची सवय मात्र शेजारी उभं राहून कोणी दाखवल्याशिवाय येत नाही.

सामान

हार्नेस, हेल्मेट, क्लाइंबिंगचे बूट, चॉकची (हात कोरडे ठेवायच्या पावडरची) पिशवी, बिले डिव्हाइस, दोनेक स्लिंग (पट्टीचे शिवलेले फास), तीन-चार लॉकिंग (स्क्रूने बंद होणारे) कॅरॅबिनर. यावर वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही. हेल्मेट दोघांनीही घालायचं, चढणाऱ्याने आणि बिलेयरनेही. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर दगड पडण्याचा धोका जास्त असतो.

दोराबद्दल मात्र बोलायला हवं. लीडसाठी दोर डायनॅमिकच हवा, म्हणजे ताणला जाऊन धक्का गिळणारा. टोकाच्या पट्टीवर वर्तुळात १ हा आकडा दिसला, की तो एकेरी वापरायचा दोर आहे असं समजा. शिकताना ९.५ ते १० मिलिमीटर जाडी हाताला बरी पडते. स्टॅटिक दोर रॅपलिंगला (दोरावरून स्वतः उतरायला) चालतो, लीडला कधीच नाही, कारण तो ताणला जात नाही आणि सगळा झटका तुमच्या कमरेवर येतो.

लांबीचा हिशेब रूटच्या दुप्पट. पण ३० मीटरच्या रूटला ६० मीटरचा दोर फक्त कागदावर पुरतो. गाठीत दोर जातो, रूट वाकडातिकडा असतो, बिलेयर पायथ्यापासून थोडा खाली उभा असतो. ७० मीटरचा घ्या. आणि दोर कितीही लांब वाटला तरी खालच्या टोकाला जाड गाठ मारा. आरोहकाला उतरवता उतरवता टोक बिले डिव्हाइसमधून सुटून जाणं हा जगभर पुन्हा पुन्हा होणारा अपघात आहे, आणि तो टाळायला एक गाठ पुरते. दोराच्या मध्यावर खूण असेल तर बिलेयरने तिच्यावर डोळा ठेवावा. आरोहक अँकरला पोहोचायच्या आत ती खूण बिले डिव्हाइसपाशी आली, तर त्याला जमिनीपर्यंत उतरवायला हा दोर पुरणार नाही.

क्विकड्रॉची दोन टोकं दिसायला सारखी वाटली तरी कामं वेगळी आहेत. एक कॅरॅबिनर बोल्टसाठी, तो पट्टीत सैल फिरतो. दुसरा दोरासाठी, तो रबराने जागी धरलेला असतो. बोल्टचा कॅरॅबिनर कायम बोल्टलाच लावा. लोखंडावर घासून त्याच्या आतल्या बाजूला बारीक खाचा आणि धारदार कंगोरे पडतात. उद्या त्याच टोकात दोर घातलात तर दोराचं आवरण सोलून निघेल. रबर बदलताना तर फार जपा. पट्टीचा फास कॅरॅबिनरमधून नीट गेलेला आहे की फक्त रबरच त्याला धरून आहे, हे बाहेरून चटकन कळत नाही. नुसत्या रबरावर असलेला क्विकड्रॉ हातात धरला तर शाबूत वाटतो आणि वजन पडताच सुटतो. प्रत्येक क्विकड्रॉ घरीच उलगडून बघा.

खालून रूट वाचा

पायथ्याला लागून उभं राहिलं तर काही दिसत नाही. दहा पावलं मागे या. बोल्ट मोजा. जितके बोल्ट तितके क्विकड्रॉ, अधिक अँकरसाठी दोन, अधिक एक-दोन जास्तीचे, कारण एखादा बोल्ट कठड्यामागे लपलेला असतो किंवा एखादा क्विकड्रॉ हातातून सुटतो. मग रूटचे तुकडे पाडा: इथून तिथपर्यंत सोपं, इथे उभं राहून हात झटकायचे, इथे अवघड जागा. पांढरे चॉकचे डाग बघा, पण आंधळेपणाने मानू नका. जिथे सगळ्यांनी चाचपडलंय तिथेही चॉक असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडाल तर कुठे पडाल हे खालूनच ठरवा. कठडा कुठे आहे? त्याच्या वर पुढचा बोल्ट किती अंतरावर आहे? रूटच्या बाजूला झाड किंवा कोपरा आहे का, ज्यावर झोका घेऊन आपटाल? अशा दोन-तीन जागा मनात पक्क्या करा. तिथे सावकाश चढायचं, बाकी ठिकाणी मोकळेपणाने.

जवळचे बोल्टही बघून घ्या. तांबूस गंज ओघळलेला, बोटाने नट फिरतोय, हँगर (बोल्टवरची धातूची पट्टी) खडखडतोय, भोवतीचा कातळ पोकळ वाजतोय, यातलं काही दिसलं तर दुसरा रूट निवडा. समुद्रकाठच्या कड्यांवर विशेष सावध राहा. खाऱ्या हवेत काही स्टेनलेस स्टीलचे बोल्टही आतून तडकतात आणि वरून चांगले दिसत राहतात. अशा ठिकाणी टायटॅनियमचे बोल्ट बसवतात ते याच कारणाने.

गाठ आणि तपासणी

दोर हार्नेसच्या दोन्ही बांधणी-जागांमधून, खालच्या आणि वरच्या, ओवायचा आणि फिगर ऑफ एटची गाठ मागे फिरवून पूर्ण करायची. दोन-दोन पदर समांतर, कुठेही एकमेकांवर चढलेले नाहीत, शेपूट किमान वीतभर, आणि चारही पदर ओढून घट्ट.

गाठ मारायला घेतली की ती पूर्ण होईपर्यंत बोलू नका, बूट बांधू नका, जॅकेट चढवू नका. लिन हिल ही त्या काळातल्या जगातल्या सर्वोत्तम आरोहकांपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे गाठ अर्धवट ठेवून ती चढली, आणि वरून दोरावर भार टाकताच २० मीटरहून जास्त उंचीवरून खाली आली. झाडामुळे वाचली. पुढे १९९३ मध्ये तिने अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्याचा नोज रूट फ्री क्लाइंबिंगने (सामानाला न धरता) जगात पहिल्यांदा पूर्ण केला. इतक्या तयारीच्या माणसाकडून गाठ राहते, तर तुमच्या-माझ्याकडून राहणारच. म्हणून तपासणी दुसऱ्याने करायची, आणि नुसतं बघून नाही, हात लावून.

चढण्याआधी एकमेकांचं हे तपासा: हार्नेसची बकलं, आरोहकाची गाठ आणि ती दोन्ही जागांतून गेली आहे का, बिले डिव्हाइसमध्ये दोर योग्य दिशेने आहे का, लॉकिंग कॅरॅबिनर बंद आहे का, दोराच्या टोकाला गाठ आहे का. पेट्झलचं ग्रिग्री १९९१ मध्ये आलं, त्यानंतर आपोआप दोर पकडायला मदत करणारी बरीच उपकरणं निघाली. त्यांच्यात दोर उलटा भरला तर ती पकडत नाहीत. आरोहकाकडचा दोर जोरात ओढून बघा, उपकरणाने तो अडवायला हवा. अडवला तरी ब्रेकचा हात दोरावरून कधीच काढायचा नाही.

पहिले तीन बोल्ट

पहिल्या बोल्टआधी पडलात तर जमिनीवर. दुसरा लावता लावता पडलात, तरी बहुधा जमिनीवर. तिसरा लावताना पडलात तर काय होईल, हे बरंचसं तुमच्यावर आणि बिलेयरवर अवलंबून असतं. या तीन बोल्टपर्यंत डोकं शांत आणि शिस्त कडक हवी.

पहिला बोल्ट उंच असेल किंवा सुरुवात निसरडी असेल, तर लांब काठीच्या टोकाला क्विकड्रॉ लावून, त्यात आधीच दोर घालून, तो जमिनीवरूनच अडकवा. काही जण याला कमीपणा मानतात. मला ते पटत नाही. घोटा मोडून महिनाभर घरी बसण्यापेक्षा काठी बाळगणं केव्हाही चांगलं. काठी नसेल तर पहिला बोल्ट लागेपर्यंत बिलेयरने दोन्ही हात वर करून मागे उभं राहावं. झेलायचं नसतं. पडणाऱ्याची कंबर धरून त्याला पायांवर उतरवायचं असतं.

आता तिसऱ्या बोल्टचा हिशेब मांडू. समजा दुसरा बोल्ट ४.५ मीटरवर आणि तिसरा ६.५ मीटरवर आहे. तुमची कंबर ५.५ मीटरवर असताना तुम्ही हात वर ताणून तिसऱ्यात दोर घालायला बघता. त्यासाठी दोर तिसऱ्यापर्यंत वर आणि तिथून परत कमरेपर्यंत खाली, असा ओढून घ्यावा लागतो. त्या क्षणी दुसऱ्या बोल्टच्या पुढे तुमच्याकडे ३ मीटर दोर असतो. तिथे हात सुटला तर कंबर येऊन थांबणार १.५ मीटरवर. म्हणजे पाय जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर, आणि दोराचा ताण व बिलेयरचं सरकणं अजून धरलेलंच नाही. तोच बोल्ट कमरेशी आल्यावर लावलात, तर दुसऱ्याच्या पुढे दोर फक्त २ मीटर, आणि कंबर थांबणार २.५ मीटरवर. एक अख्खा मीटर वाचला.

नवखा माणूस घाबरतो तेव्हा नेमकं उलटं करतो: बोल्ट दिसला की लांबूनच दोर ओढतो. हे माहीत असूनही हात तसाच वळतो, म्हणून हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. अर्थात कमरेशी पकड वाईट आणि थोडं खाली मोठा होल्ड असेल, तर चांगल्या होल्डवरूनच लावा. भक्कम पकडीवरून पडण्याची शक्यताच कमी असते. वाईट होल्डवर लोंबकळत दोर वर ओढणं मात्र कधीच नको.

या टप्प्यात बिलेयरने भिंतीपासून मीटर-दीड मीटरवर, आरोहकाच्या थेट खाली नाही तर थोडं बाजूला उभं राहावं. लांब मागे उभा राहिला तर दोर ताणला जाताच तो भिंतीकडे फरफटत येतो, आणि तितकं अंतर आरोहक जास्त खाली येतो. ढील बेताची ठेवायची. पतंगाला देतो तशी ढील द्यायची ती आरोहक दोर ओढेल त्याच क्षणी, आणि क्लिप झाली की जास्तीचा दोर लगेच मागे घ्यायचा. आरोहक बिलेयरपेक्षा बराच जड असेल, तर पडताना बिलेयर उचलला जाऊन पहिल्या क्विकड्रॉवर आदळू शकतो. अशा जोडीने पहिल्या बोल्टवर लावायचं घर्षण वाढवणारं उपकरण वापरावं, किंवा त्या दिवशी जोडी बदलावी.

दोर कसा घालायचा

क्विकड्रॉचं गेट (कॅरॅबिनरची उघडणारी बाजू) तुमच्या पुढच्या दिशेच्या उलट बाजूला हवं. रूट उजवीकडे जात असेल तर गेट डावीकडे. दोर भिंतीच्या बाजूने येऊन कॅरॅबिनरमधून बाहेर, तुमच्याकडे यायला हवा. उलटा घातला, म्हणजे दोर बाहेरून आत भिंतीकडे गेला, तर पडताना तो गेटवरून वळून स्वतःच निसटू शकतो. चूक लक्षात आली की आहात तिथेच थांबा आणि सुधारा.

दुसरी नेहमीची चूक बोल्ट जवळजवळ असताना होते. हातात घेतलेला दोर खालच्या क्विकड्रॉच्याही खालून उचलला जातो, वर-खाली-वर असा वेडावाकडा अडकतो आणि मग ओढता ओढला जात नाही. दोर नेहमी स्वतःच्या गाठीपाशी धरून वर घ्या.

गेट कशात तरी अडकून उघडं राहिलेलं नाही ना, हेही बघा. बंद गेटच्या कॅरॅबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन ताकद असावी लागते. गेट उघडं असेल तर नेहमीच्या कॅरॅबिनरची तीच ताकद ७ ते १० किलोन्यूटनवर येते.

आणि दोर पायामागे येऊ देऊ नका. तो पाय आणि भिंत यांच्या मधे असायला हवा. पोटरीमागून गेला तर पडताना तुम्ही उलटे व्हाल आणि डोकं कातळावर आपटेल. प्रत्येक पाऊल टाकताना ही एक नजर ठेवायची सवय लावा.

मधला भाग

इथे चढण्याचा आनंद घ्या. वजन पायांवर, हात सरळ. हात वाकवून लोंबकळलात तर दंड आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगडासारखे होतात आणि बोटं उघडत नाहीत. पाऊल टाकताना बुटाचं टोक होल्डवर टेकेपर्यंत त्याच्याकडे बघत राहा. बहुतेक जण अर्ध्यातच नजर वर नेतात आणि पाय घसरतो. मोठा होल्ड मिळाला की थांबा, एकेक हात खाली सोडून झटका, तीन-चार लांब श्वास घ्या, पुढचे पाच-सहा होल्ड ठरवा, मग निघा.

दमलात तर बोल्टपाशी येऊन "टेक" म्हणा, म्हणजे बिलेयर दोर घट्ट घेईल, आणि दोरावर बसा. त्यात काही गमावत नाही. कुर्ट आल्बर्टने १९७५ च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रँकेनयुरा भागात, दोरावर न विसावता आणि सामानाला न धरता चढून झालेल्या रूटच्या पायथ्याशी लाल ठिपका काढायला सुरुवात केली. आज ज्याला रेडपॉइंट म्हणतात ते तिथून आलं. आधी कितीही प्रयत्न झाले तरी चालतात. आज बसून चढा, पुढच्या वेळी सलग चढा.

पडणार असं वाटलं तर ओरडून सांगा, क्विकड्रॉ धरायला जाऊ नका, पाय थोडे फाकवून गुडघे सैल ठेवा, श्वास सोडा. भिंतीला जोरात ढकलू नका, नाहीतर झोक्याने तितक्याच जोरात परत याल. बिलेयरने, खाली पुरेशी उंची असेल तरच, दोर ताणला जाताना हलकीशी उडी घ्यावी, म्हणजे झटका मऊ होतो.

वरचा अँकर

वर पोहोचल्याचा आनंद आणि थकवा एकाच वेळी येतो, आणि नेमका इथेच बांधलेला दोर सोडून परत बांधायचा असतो. म्हणून वर काय करणार हे जमिनीवरच ठरवा: बिलेयर उतरवणार, की तुम्ही रॅपल करणार. खाली ठरलेली गोष्ट वर जाऊन बदलू नका. आरोहक आता रॅपल करेल असं समजून बिलेयरने दोर सोडला, आणि आरोहक मात्र दोरावर भार टाकून मागे झुकला, अशा गैरसमजातून माणसं गेली आहेत. "ऑफ बिले" (आता बिले नको) हे शब्द एका टप्प्याच्या स्पोर्ट रूटवर लागतच नाहीत, ते तोंडातून काढूच नका.

सोबतचा चढणार असेल, तर अँकरच्या दोन बोल्टवर स्वतःचे दोन क्विकड्रॉ, गेट एकमेकांच्या उलट दिशेला ठेवून, लावा, दोर त्यातून घाला आणि खाली या. अँकरच्या कड्यांमधून थेट टॉप रोप करू नका. दिवसभर दोर घासून कड्या झिजतात, आणि त्याचा त्रास पुढच्या आरोहकांना होतो.

शेवटचा आरोहक सामान काढतो. अँकर दोन बंद कड्यांचा आणि कड्या पुरेशा मोठ्या असतील, तर क्रम असा. हार्नेसला बांधलेल्या स्लिंगने, लॉकिंग कॅरॅबिनर लावून, दोन्ही बोल्टला स्वतःला अडकवा आणि तिच्यावर बसून खात्री करा. बिले चालूच आहे. "स्लॅक" (ढील) मागा, मीटरभर दोर ओढा, त्याचा दुपदरी फास दोन्ही कड्यांमधून घाला. त्या फासात फिगर ऑफ एटची गाठ मारा आणि लॉकिंग कॅरॅबिनरने ती बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या शिवलेल्या फासाला) लावून स्क्रू बंद करा. "टेक" म्हणा, दोर घट्ट झाला का बघा. आता, आणि आताच, मूळ गाठ सोडा आणि ते टोक कड्यांमधून ओढून घ्या. अँकरचे क्विकड्रॉ काढा. पूर्ण भार दोरावर टाका, स्लिंग सैल पडलेली दिसली पाहिजे. दोर कड्यांतून गेला आहे, गाठ पूर्ण आहे, कॅरॅबिनर बंद आहे, हे डोळ्यांनी वाचल्यासारखं एकेक बघा, आणि मगच स्लिंग सोडा. या पद्धतीत तुम्ही एक क्षणही दोरापासून मोकळे नसता, म्हणून मी हीच शिकवतो.

कड्या लहान असल्या आणि दुपदरी दोर जात नसेल, तर गाठ सोडून टोक ओवावं लागतं. तेव्हा गाठ सोडण्याआधी दोराचा एक फास गाठ मारून हार्नेसला अडकवा. नाहीतर दोर हातून सुटून खाली गेला, तर तुम्ही वर अडकून राहाल.

हा सगळा क्रम आधी जमिनीवर, डोक्याच्या उंचीच्या अँकरवर, न चुकता दहा वेळा करा.

उतरताना

"लोअर" म्हणा, बिलेयरचं उत्तर ऐका, मग हळूहळू मागे बसा. एकेक क्विकड्रॉ काढत या. रूट तिरका असेल तर एक क्विकड्रॉ स्वतःच्या बिले लूपमधून बिलेयरकडच्या दोराला लावून ठेवा, म्हणजे तुम्ही रूटपासून लांब जाणार नाही. जमिनीजवळचा शेवटचा बोल्ट सोडण्याआधी मात्र तो दुवा काढून टाका. तो तसाच राहिला, तर तुमच्या झोक्याबरोबर बिलेयरही ओढला जातो.

पाय टेकले की दोर सोडा, वर जाणाऱ्या टोकाची गाठ उकलली आहे ना ते बघा, मोठ्याने "रोप" ओरडा आणि दोर ओढा. तो पूर्ण खाली येईपर्यंत हेल्मेट डोक्यावरच राहू द्या, त्याच्याबरोबर दगडही येतात. गुंडाळताना अख्खा दोर बोटांमधून जाऊ द्या. कुठे मऊ, चपटा किंवा फुगलेला लागला, आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसले, तर तो तुकडा टोकाजवळ असल्यास कापून टाका आणि दोराची नवी लांबी पिशवीवर लिहून ठेवा. मधेच असला तर तो दोर लीडसाठी संपला.